बदलीचे घर आणि अर्ध्या किलोमीटरचे शहर

महाराष्ट्रात सरकारी बदलीचे वेळापत्रक २००५ च्या कायद्याने ठरवून दिले आहे. एका जागी साधारण तीन वर्षे, आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याच्या मुख्यालयात या हंगामात दरवर्षी नवी बिऱ्हाडे येतात. महसूल, पोलीस, वनविभाग, जिल्हा परिषद यांची माणसे असतात. बँकांची आणि रेल्वेची असतात. २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यापक असतात. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पातले किंवा बिरसी विमानतळावरचे कोणी असतात. त्यांतल्या अनेकांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल असते, कारण नोकरीतली पहिली-दुसरी बदली आणि पहिले मूल ही दोन्ही एकाच सुमारास येतात. आल्या आल्या ऑफिसात विचारणा सुरू होते: किरायाने घर कुठे बघावे, वस्ती कोणती चांगली? उत्तरेही ठरलेली असतात. सिव्हिल लाइन्स चांगली, बाजारातली गर्दी नको, फुलचूर-कुडव्याकडे नवी घरे मोकळी मिळतात, आणि मुलाच्या शाळेचे आधी बघा. यातला शेवटचा सल्ला सर्वांत वजनाने दिला जातो, आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हिशेब साधा आहे. दोन वर्षांचे मूल घेऊन आलेले कुटुंब नियमाप्रमाणे ते पाच वर्षांचे होताना पुढच्या बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले असेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचे वय सहा वर्षे पूर्ण असे आहे. शिक्षण हक्क कायदाही सहाव्या वर्षापासूनच्या शिक्षणाचा आहे. म्हणजे या मुलाचा गोंदियातला सारा मुक्काम पहिलीच्या आधीच संपतो. या तीन वर्षांत ते पळायला शिकते, बोलायला शिकते, आजारी पडून बरे व्हायला शिकते आणि घराबाहेरचे पहिले माणूस ओळखायला लागते. ही चारही कामे शाळेत होत नाहीत. घराच्या दारापासून त्याच्या पायांना झेपेल तेवढ्या टापूत होतात. हा टापू फार तर अर्ध्या किलोमीटरचा. तेव्हा तीन वर्षांच्या बदलीवर लहान मूल घेऊन येणाऱ्याने वस्तीचे नाव, तिची प्रतिष्ठा आणि शाळेचे अंतर बाजूला ठेवून हा अर्धा किलोमीटर तपासावा: पाणी कुठे साचते, सावली कुठे आहे, हवा कशी आहे, डॉक्टर रुळाच्या कोणत्या बाजूला आहे आणि शेजारी दुपारी घरात कोण असते.

मोठ्यांचा नकाशा आणि मुलाचा नकाशा वेगळा असतो, ही जाणीव नगररचनेला नवी नाही. अमेरिकन नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या शेजार-वस्तीच्या कल्पनेत कोणत्याही घरापासून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत मुलाला लागणारे सारे असावे, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत आणि दहा टक्के जागा मोकळी असावी, अशी अट होती. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनने 'अर्बन ९५' हा उपक्रम सुरू केला. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची सुमारे ९५ सेंटिमीटर असते. त्या उंचीवरून शहर कसे दिसते, हा त्यांचा प्रश्न. पुणे, उदयपूर आणि भुवनेश्वर या शहरांनी त्यात भाग घेतला. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने पुढे याच विषयावर शहरांची स्पर्धा घेतली आणि निवडलेल्या दहा शहरांत गोंदियाहून थेट रेल्वेने जोडलेले जबलपूर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी, आणि दोन वर्षांवरच्या मुलाचा पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत हवा. दिवसाला तीन तास पळण्यासाठी बागेत सहल काढून भागत नाही. ती जागा उंबरठ्यापासून सुरू व्हावी लागते.

गोंदियात घर शोधणाऱ्यापुढची खरी निवड पैशानेही आखून दिलेली असते. २०११ च्या जनगणनेत १,३२,८१३ लोकसंख्या असलेले हे शहर घरभाडे भत्त्याच्या वर्गवारीत शेवटच्या 'झेड' गटात येते. 'वाय' गटातल्या नागपूरला जो दर मिळतो त्याच्या निम्मा इथे मिळतो. त्या पैशांत दोन प्रकारची घरे दिसतात. एक, बाजारपेठेच्या किंवा जुन्या वॉर्डांच्या आसपास, मालकाच्या घरातला वरचा मजला: जागा कमी, रस्ता अरुंद, पण सगळे हाकेच्या अंतरावर. दुसरा, शहराच्या कडेला फुलचूर, कुडवा, कटंगी या ग्रामपंचायतींच्या हद्दीतल्या ले-आउटमधला अख्खा तळमजला: अंगण, गाडीला जागा, मोकळी हवा. मे महिन्यात दोन्ही पाहिली तर दुसरे घर जिंकते, आणि बदलीचा कायदा माणसाला नेमका मे महिन्यातच घर बघायला लावतो. या शहराचा सर्वांत मोठा दोष मात्र त्या महिन्यात दिसत नाही.

तो दोष पाण्याचा आहे आणि त्याचे मूळ इथल्या शेतीत आहे. भंडारा-गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. नवेगावबांधच्या तलावापासून गावोगावच्या मालगुजारी तलाव-बोड्यांपर्यंत इथल्या कोहळी आणि इतर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच विद्या पोसली, पावसाचे पाणी अडवून शेतात उभे ठेवण्याची. धानाची बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेली, मुद्दाम सपाट केलेली, पाणी धरून ठेवणारी जमीन. वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस, त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टात, याच बांधीत रोवण्याला लागतो. अशी बांधी अकृषिक होते, तिच्यावर ले-आउट पडते, बांध मोडतात, पण जमिनीचा स्वभाव तोच राहतो. त्यातही मातीचा फरक आहे. इथला शेतकरी कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी अशी मातीची प्रतवारी करतो. काळ्या कन्हारीत पाणी मुरत नाही, ती फुगते आणि आकसते. उंचवट्यावरच्या मुरमाड बर्डीवर पाणी थांबत नाही. ले-आउटच्या जाहिरातीत हे कुठेच नसते, पण शेजारच्या शेतात काम करणारा माणूस एका वाक्यात सांगतो की हा प्लॉट पूर्वी कोणत्या मातीचा होता आणि खालच्या बांधीत होता की वरच्या. घरमालकाच्या आश्वासनापेक्षा ही माहिती भरवशाची. तिच्या जोडीला कंपाउंडच्या भिंतीवरची ओलीची रेघ, रस्त्याच्या पातळीपेक्षा घराचे जोते किती वर आहे, आणि नाली पुढे कुठे जाऊन मिळते एवढे पाहिले की पावसाळा मे महिन्यातही दिसतो. पुष्कळ ठिकाणी नाली घरासमोर सुरू होते आणि शेवटच्या प्लॉटपाशी संपते. तिला पुढे वाटच नसते.

मोठ्या माणसासाठी साचलेले पाणी म्हणजे पँट गुडघ्यापर्यंत वर घेण्याचा त्रास. ९५ सेंटिमीटरच्या मुलासाठी तेच पाणी दोन महिन्यांचा बंदिवास असतो, आणि उघडी नाली असेल तर जिवाचा धोका. शिवाय डास. घराभोवतीच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. भातखाचराच्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स जातीच्या डासामार्फत जपानी मेंदूज्वर पसरतो. ज्या जिल्ह्यांत या आजाराचा प्रादुर्भाव असतो तिथे बालकांच्या लसीकरणात त्याची लस नवव्या महिन्यानंतर आणि दीड वर्षाच्या सुमारास दिली जाते. इतर जिल्ह्यांतून आलेल्या मुलाच्या कार्डावर ती नसू शकते. धानपट्ट्यात राहायला येणाऱ्या पालकांनी सामान उघडण्याच्या आधी आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून हे विचारून घ्यावे. घराच्या खिडक्यांना जाळ्या आहेत का, हा प्रश्न फरशी कोणती आहे यापेक्षा वरचा.

उन्हाळ्याचे गणित उलट आहे. मेमध्ये इथला पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. कडेच्या नव्या ले-आउटमध्ये झाड नसते, भोवती घर नसते. स्लॅबवर दिवसभर पडलेले ऊन रात्री खाली उतरते. जुन्या वॉर्डातले कौलारू किंवा दुसऱ्या मजल्याखालचे घर, शेजारच्या भिंतीची सावली आणि रस्त्यावरचा कडुनिंब यांनी मुलाला सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास जास्त बाहेर राहता येते. पाण्याचीही चौकशी इथेच करावी. शहराला नळाचे पाणी वैनगंगेवरच्या डांगोर्लीहून येते. नदी आटते तेव्हा पुजारीटोला धरणाचे पाणी कालव्याने आणून सोडावे लागले आहे. कडेच्या वस्त्यांत अनेक घरे बोअरवर चालतात, आणि बोअर उन्हाळ्याच्या शेवटी किती खाली जातो हे मागच्या किरायदारालाच माहीत असते. दिवसातून चार वेळा कपडे ओले करणाऱ्या वयाच्या मुलाचे घर टँकरच्या भरवशावर चालत नाही.

हवेचे गणित राईस मिलशी बांधलेले आहे. धानाचे कोठार म्हटल्या जाणाऱ्या या शहरात मिल ही परकी गोष्ट नाही, हजारो घरांचे पोट तिच्यावर आहे. पण उसना तांदूळ करणारी मिल धान उकडण्यासाठी वाफ लावते, वाफेसाठी तूस जाळते, आणि त्याची हलकी काळी राख वाऱ्याबरोबर उडते. साधी मिलही भरडताना बारीक धूळ सोडते. खरिपाचे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते आणि त्यानंतर मिलांचा हंगाम चढतो. म्हणजे मेच्या पाहणीत हाही दोष पुरता उमगत नाही. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बोट फिरवले तर मात्र कळते. लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असते, श्वास मोठ्यापेक्षा भरभर असतो, आणि ते जमिनीजवळ, जिथे धूळ बसते तिथेच खेळते. मिलपासून किती दूर राहावे याचा एकच आकडा सांगता येणार नाही. पण हिवाळी वाऱ्याच्या दिशेने मिलच्या खाली येणारी गल्ली टाळता येते.

आता रूळ. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन. एक फाटा बालाघाटमार्गे जबलपूरला, दुसरा बल्लारशाहकडे. रेल्वेने शहर मोठे केले आणि त्याचे दोन तुकडेही केले. एका बाजूला गोरेलाल चौक, जयस्तंभ चौक, जुनी बाजारपेठ. दुसऱ्या बाजूला रेलटोली, मरारटोली, कुडव्याकडची वाढती वस्ती. दोन्ही भागांना जोडणारा जुना उड्डाणपूल धोकादायक ठरून अलीकडे पाडावा लागला, तेव्हा रुळापलीकडचे अंतर किलोमीटरमध्ये मोजणे किती फसवे आहे हे शहराने अनुभवले. भुयारी मार्ग पावसात भरतो, उरलेल्या पुलावर गर्दी वाढते, आणि नकाशावरचे दीड किलोमीटर रात्री अकराला तापाने फणफणलेले मूल मांडीवर असताना वेगळेच निघते. म्हणून नियम असा असावा: आई-वडिलांनी कामासाठी रूळ ओलांडला तरी चालेल, पण मुलाचे डॉक्टर, औषधाचे दुकान आणि दिवसा सांभाळणारे घर हे तिन्ही मूल राहते त्याच बाजूला असावेत. केटीएस सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली जुनी रुग्णालये शहरात आहेत. महाविद्यालयाच्या कुडवा इथल्या नव्या संकुलाची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. ते पूर्ण चालू झाले की पलीकडच्या बाजूचे पारडे जड होईल. आज घर घेणाऱ्याने मात्र आज उघडे असलेले दार मोजावे.

मध्यवस्तीच्या बाजूने बोलताना तिचा धोकाही सांगायला हवा. डिसेंबर २०१६ मध्ये गोरेलाल चौकातल्या एका हॉटेलला पहाटे लागलेल्या आगीत सात माणसे गेली. बाजारातल्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या असतात, खाली दुकान, वर घर, जिना एकच आणि त्यावर विजेचे मीटर. दुकानावरचे घर लहान मुलासाठी घेऊ नये. घेतलेच तर बाहेर पडायला दुसरी वाट असेल तरच. बाजारापासून दोन-तीन गल्ल्या आत, वाहती रहदारी नसलेला, बंद नालीचा आणि निवासी घरांचा रस्ता ही मधली जागा असते, आणि जुन्या वॉर्डांत ती सापडते.

राहिला सर्वांत मोठा घटक, माणसे. बदलीच्या घरात आजी-आजोबा नसतात. पुण्या-मुंबईसारखी पाळणाघरांची रेलचेल इथे नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितले, पण बहुतेक कार्यालये या आकड्याच्या खाली असतात. मग उरतो शेजार. ज्या रस्त्यावर दुपारी दारे उघडी असतात, कोणी ओट्यावर डाळ निवडत बसलेले असते, वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र खेळतात, तिथे दोन वर्षांचे मूल आपोआप दहा डोळ्यांखाली येते. ज्या ले-आउटमध्ये दहापैकी सहा प्लॉट रिकामे आणि उरलेल्या चार घरांतली माणसे सकाळी कुलूप लावून जाणारी, तिथे अंगण कितीही मोठे असले तरी ते आईच्या एकटीच्या पहाऱ्यावर चालते. अधिकाऱ्यांची कुटुंबे अंगणवाडीकडे पाहत नाहीत, हेही मोडायला हवे. २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू असलेल्या एकात्मिक बालविकास सेवेत वजन-उंचीची नोंद, लसीकरणाचा दिवस आणि तीन ते सहा वयाचे पूर्वशिक्षण हे सारे वस्तीतच मिळते. पायी पोचता येणारी अंगणवाडी ही निम्म्या दिवसाची व्यवस्था तर आहेच, पण नव्या गावात सेविकेइतकी त्या टापूची खबर दुसऱ्या कोणाला नसते. कोणत्या गल्लीत डेंग्यू निघाला, कुठला बालरोगतज्ज्ञ रविवारी असतो, कोणाच्या घरी मूल सांभाळतात, हे तिच्याकडून कळते.

शेजारात भाषाही येते. गोंदियाच्या बाजाराची भाषा हिंदी आहे. घराघरांत पोवारी, झाडीबोली, छत्तीसगढी, गोंडी, सिंधी, गुजराती. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या पालकांना भीती वाटते की मुलाचे मराठी बिघडेल, आणि म्हणून ते 'आपल्यासारख्यांची' कॉलनी शोधतात. ही भीती उलट्या दिशेची आहे. लहान मूल दोन-तीन भाषा सहज पेलते, अट एवढीच की त्या भाषांत त्याच्याशी कोणीतरी रोज बोलायला हवे. घरात मराठी पक्की असली तर ओट्यावरची पोवारी किंवा हिंदी ही भर असते. मुलाच्या भाषेचे नुकसान होते ते दिवसभर कोणीच बोलणारे नसलेल्या शांत बंगल्यात. 'आपल्यातली वस्ती' या शब्दांत पुष्कळदा जात आणि धर्मही दडलेले असतात. सुरक्षिततेचा तो निकष मुलाच्या उपयोगाचा नाही. वेळेला दार उघडणारे घर कोणत्या आडनावाचे आहे, याने मुलाचा ताप उतरत नाही.

या साऱ्या मांडणीवर पहिला आक्षेप शाळेचाच येईल: चांगल्या शाळेत नर्सरीपासून प्रवेश घेतला नाही तर पुढे मिळत नाही. मोठ्या शहरात कायमचे राहणाऱ्याला हे खरे असू शकते. तीन वर्षांत निघून जाणाऱ्याला गोंदियातल्या पुढच्या प्रवेशाचे आरक्षण करून काय मिळणार? उलट त्यासाठी साडेतीन वर्षांचे मूल रोज व्हॅनमध्ये अर्धा-पाऊण तास फिरवायचे, हा तोटा आजच मोजून द्यावा लागतो. पायी जाता येणारी साधी बालवाडी त्यापेक्षा बरी. अर्थात मोठे भावंड तिसरी-चौथीत असेल तर गणित बदलते, आणि मग शाळेकडून घराकडे वर्तुळ काढावे हे मान्य.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे: कुटुंब नागपूरलाच ठेवा आणि अप-डाऊन करा. सुमारे १३० किलोमीटर, रेल्वेने दोनएक तास. कितीतरी कर्मचारी हे करतात आणि मुख्यालयी राहण्याच्या अटीवरून वादही होतात. ज्या मुलाला सुपरस्पेशालिटी उपचार चालू आहेत, किंवा आजी-आजोबा नागपुरात आहेत आणि जोडीदाराची नोकरीही तिथेच आहे, त्या घराने नागपूर सोडू नये. पण फक्त 'तिथे सोयी जास्त' म्हणून हा मार्ग निवडला तर किंमत मुलाच्या नावावर पडते. घरापासून कार्यालयापर्यंतचा वेळ धरला तर रोजचे पाच-सहा तास प्रवासात जातात. पालक निघतो तेव्हा मूल झोपलेले आणि परततो तेव्हाही झोपलेले. शहराच्या सोयी महिन्यातून दोनदा लागतात, पालक रोज लागतो. लहान शहराचा एकमेव निर्विवाद फायदा कार्यालयापासून घरी दहा मिनिटांत पोचण्याचा आहे, आणि अप-डाऊन तोच गमावते.

तिसरा आक्षेप: एवढ्याशा शहरात अर्ध्या किलोमीटरचा हट्ट कशाला, स्कूटरवर पाच मिनिटांत कुठेही जाता येते. पण स्कूटरवर मूल नेता येते, मूल स्वतः जात नाही. त्याची तीन तासांची हालचाल त्यात कुठेच भरत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा नियम २०२३ पासून लागू आहे आणि रस्त्यावर तो क्वचितच दिसतो. दोन हातांनी गाडी चालवणाऱ्या एकट्या पालकापुढे उभे असलेले मूल ही सोय मानणे हीच चूक आहे. याच न्यायाने सरकारी क्वार्टर, पोलीस लाइन, रेल्वे कॉलनी यांचा विचार करावा. इमारत जुनी आणि गळकी असेल, पण आत भरधाव गाडी नाही, झाडे मोठी आहेत आणि एका वयाची मुले आहेत. क्वार्टर मिळत असताना केवळ रंग उडाला म्हणून ते नाकारणारे कुटुंब बहुधा तोट्याचा सौदा करते.

चौथा आक्षेप मात्र उत्तर देऊन संपणारा नाही. निवड करता येते ती भत्ता मिळणाऱ्याला. मिलमध्ये पोती वाहणारा हमाल, विडी वळणारी बाई, बांधकामावरचे जोडपे यांनी नालीकाठची खोली निवडलेली नसते, तिथे ते ढकलले जातात. त्यांचेही मूल ९५ सेंटिमीटरचेच असते. मग वस्ती कशी निवडावी हे सांगणारा लेख म्हणजे सोय असलेल्यांना आणखी सोय, असे कोणी म्हणाले तर ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की हमालाच्या मुलाला जे हवे तेच अधिकाऱ्याच्या मुलालाही हवे: बंद नाली, सावली, चालती अंगणवाडी, उघडे मैदान. यातली एकही गोष्ट एकट्याच्या पैशाने विकत मिळत नाही. ती संपूर्ण गल्लीला मिळते किंवा कोणालाच मिळत नाही. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, जवळजवळ पेरींच्या १९२९ च्या प्रमाणाइतकी. पण कागदावरची ही जागा प्रत्यक्षात कुंपणाआड, झुडपांत किंवा बांधकामाच्या रेतीखाली असू शकते. ती मागायला नकाशा लागतो, अर्ज लागतो, आणि अर्ज कसा करायचा हे ज्यांना रोजच्या कामातून माहीत असते तेच लोक तीन वर्षांत जायचे म्हणून गप्प बसतात.

कडेच्या वस्त्यांची अडचण यातूनच वाढते. हद्द ग्रामपंचायतीची, लोकसंख्या शहराची, किरायदार दर तीन वर्षांनी नवा. त्यामुळे पाठपुरावा करणारा कोणी टिकत नाही. जुन्या वॉर्डात १९२० पासूनची नगरपरिषद कितीही सुस्त असली तरी तिच्या दारात जाणारी माणसे पिढ्यांची असतात, आणि मूल घेऊन येणाऱ्या नवख्याला हाही एक आधार असतो. म्हणून शेवटी निष्कर्ष दोन. बदलीवर आलेल्याने पहिले घर अकरा महिन्यांच्या कराराचे, रुळाच्या एकाच बाजूला सारे असलेले, जुन्या निवासी गल्लीतले घ्यावे. जुलैचा पाऊस आणि नोव्हेंबरची मिल पाहून झाली की कडेचा मोकळा बंगला घ्यायचा का ते ठरवावे. आणि जाताना मागे येणाऱ्यासाठी दोन कागद ठेवावेत: त्या अर्ध्या किलोमीटरची खरी माहिती कार्यालयात, आणि बंद नालीसाठी किंवा अडवलेल्या मोकळ्या जागेसाठी केलेल्या अर्जाची पोच त्या गल्लीतल्या कायमच्या रहिवाशाकडे. वस्ती सुधारायला तीन वर्षे पुरत नाहीत हे खरे. पण एक अर्ज पुढे सरकवायला ती पुरेशी आहेत.